मुख्य श्रोत्याची जागा

कारागांडातल्या त्या पाचमजली इमारतीत जुमातायच्या घराला तीन खोल्या होत्या. एकीत तो आणि त्याची बायको बागिला झोपत, दुसरीत सगळे जेवत, आणि तिसरी आपाची होती. आपा तिथं कधी राहिली नव्हती, एवढंच.

आपा म्हणजे त्याची आई, कामाश. ती तिकडे कारकारालीजवळच्या गावात थोरल्या मुलाकडे, तोलेगेनकडे राही. वास्तविक बापाचं घर, चूल आणि म्हातारी आई ही धाकट्याच्या वाट्याची. कझाखांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुमाताय धाकटा होता. तो शिकायला म्हणून शहरात आला, शिकवायला म्हणून राहिला, आणि त्याच्या वाट्याची चूल आणि आई दोन्ही तोलेगेननं एका शब्दानं न बोलता सांभाळली. न बोलता, हेच जुमातायला बोचे. चार शब्द बोलला असता तर फिटंफाट तरी झाली असती.

वडील गेले तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, सगळ्या भावकीसमोर उभं राहून जुमातायनं जाहीर केलं होतं, "आपाची खोली माझ्याकडे तयार आहे. तिनं फक्त यायचं." माणसं गहिवरली. एका म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवत म्हटलं, "लेक असावा तर असा." त्या वेळी त्या तयार खोलीत बटाट्याची पोती, मोडके स्की आणि बंद पडलेलं धुण्याचं यंत्र होतं. आपा म्हणाली, "थंडी सरली की बघू." थंडी सरल्यावर म्हणाली, "कोकरं जरा मोठी होऊ देत." कोकरं मोठी झाली, त्यांची मेंढरं झाली, काहींचं जेवणही झालं. जुमातायनं आग्रह केला नाही. यालाच तो मनातल्या मनात आईच्या इच्छेचा मान राखणं असं म्हणे.

तो पॉलिटेक्निकात आरेखन शिकवायचा. एकच वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी आणि बाजूनं कशी, हे पोरांना वेगवेगळं काढायला लावायचा. त्यामुळे आपलीच एखादी गोष्ट सोयीच्या बाजूनं पाहायची त्याला चांगली सवय होती. बटाटे संपले, यंत्र भंगारात गेलं, आणि एक दिवस त्यानं खोलीकडे समोरून पाहिलं. समोरून ती नुसती रिकामी खोली होती.

त्यानं आधीच एक कॉम्प्युटर जुळवला होता. बिनपंख्याचा, अजिबात आवाज न करणारा, फक्त सिनेमे साठवायला आणि दाखवायला. रिकाम्या खोलीच्या टोकाच्या भिंतीवर मोठा टीव्ही बसवला आणि कॉम्प्युटर त्याला जोडला. चित्र असं यायचं की घोड्याच्या आयाळीतला केस न् केस मोजावा. आवाज मात्र पत्र्याच्या बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. तेव्हा स्पीकर आणि रिसीव्हर आले पाहिजेत, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं, आणि बागिलाला सांगितलं की ठरलंय.

"एकच अट," बागिला म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि अटी मोजून द्यायची. "चहाच्या समोवारपेक्षा मोठं काही घरात आणायचं नाही."

निवडीसाठी त्यानं रादिकला बोलावलं. रादिक त्याच्याच कॉलेजात विद्युतशास्त्र शिकवायचा, आणि आपल्या घरी स्पीकर बदलण्यात त्याची जवानी गेली होती. तो मोजपट्टी घेऊनच आला.

"कुठली खोली?"

"ती तिकडची."

"ती आईची ना?"

"सध्या रिकामी आहे."

"सध्या," रादिक म्हणाला आणि त्यानं पट्टीचं दुसरं टोक जुमातायच्या हातात दिलं. रादिक तातार होता. त्याची आई त्याच्याच घरी होती आणि त्याला रोज सकाळी टोपी घालायला लावायची. त्यामुळे या विषयावर तो कुणाला उपदेश करत नसे.

सगळा शरद ऋतू निवडीत गेला. जुमातायच्या डोळ्यांपुढे उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर होते. रादिकनं ते वर्गातल्या ढ पोराचं उत्तर खोडावं तसे खोडले. "खोली केवढी, हे खांब केवढे. मशीद बांधतोयस का? फळीवर बसणारे चार छोटे घे, एक मधला घे, आणि खर्जासाठी वेगळा डबा."

"दोनच घेतले तर?"

"माणसं बोलतात ती मधल्यातून. मधला नसला की बायको म्हणते, ऐकू येत नाही, वाढव. तू वाढवतोस, तेवढ्यात बंदूक सुटते, आणि खालचा म्हातारा वर येतो. आणि हे बघ, मधला त्याच घराण्यातला घ्यायचा. नाहीतर माणूस चालत चालत डावीकडून मध्ये आला की आवाज सावत्र होतो."

रिसीव्हरवरून तर दोघांचं कॉलेजच्या जेवणघरात वाजलं. "स्पीकर म्हणजे घोडे," रादिक चमचा नाचवत म्हणाला. "रिसीव्हर हा स्वार. चार ओमचा घोडा ओढाळ असतो, करंट ओढून घेतो. स्वार लेचापेचा असला की तापतो आणि मध्येच खाली उतरतो."

"मग दणकट स्वार घेतो."

"त्यापेक्षा गरीब घोडा घे, आठ ओमचा. तुला कुठं शर्यतीला जायचंय? तू बसून बघणार."

शेवटी मध्यम ताकदीचा रिसीव्हर ठरला. त्यात रादिकला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे सोबत येणारा छोटा माइक. "ज्या जागी बसून ऐकणार, तिथं कानाच्या उंचीवर हा ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडून खोली मोजतो. मग लांबचा थांबवतो, जवळचा दाबतो, आणि पाचही आवाज बरोबर एकाच वेळी त्या एका जागी आणून पोचवतो. त्या जागेला म्हणतात मुख्य श्रोत्याची जागा."

मुख्य श्रोत्याची जागा. जुमातायला ते शब्द फार आवडले. घरात, कॉलेजात किंवा भावकीत, त्याला मुख्य असं कुणी काही म्हटलं नव्हतं.

त्यानं खोलीचा नकाशा काढला, वरून. दाराच्या भिंतीवर टीव्ही नेला असता तर दार उघडताना डाव्या स्पीकरच्या नाकावर बसलं असतं. म्हणून टीव्ही होता तिथंच, दारासमोरच्या टोकाच्या भिंतीवर राहिला. त्याच्याखाली मधला स्पीकर, दोन बाजूंना दोन, कोपऱ्यात खर्जाचा डबा. सोफा दाराच्या भिंतीला, दाराला लागून, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उरलेले दोन. सोफ्यावर त्यानं लाल पेन्सिलीनं फुली मारली. रेषा सगळ्या सुरेख जुळल्या. खर्जाचा डबा आला तेव्हा तो समोवारपेक्षा दुप्पट निघाला. पण बागिलानं अट उंचीबद्दल घातली होती की रुंदीबद्दल, यावर थोडा वाद घालता आला.

एक अडचण राहिली. सोफ्यामागची भिंत उघडी होती आणि आवाज तिच्यावर आपटून परत येत होता. जाणकारांचं इंटरनेटवर एकमत होतं की तिथं काहीतरी जाड, मऊ लावावं. शक्य तर नमदा.

जुमातायनं गावी फोन लावला.

"आपा, तुझं ते तुस्कीइझ आहे ना? पलंगाच्या वरच्या भिंतीवरचं?"

"आहे की." ते भरतकाम केलेलं नमद्याचं जाजम तिनं लग्नाआधी दोन हिवाळे बसून केलं होतं. त्याच्याखाली तिची सगळी पोरं जन्मली होती. "का रे, शिंगरा?" एकोणपन्नासाव्या वर्षीही ती त्याला शिंगरूच म्हणे.

"इथं भिंतीला हवं होतं. खोलीत."

"कुठल्या खोलीत?"

"त्याच. तिकडच्या."

इथं त्याला पुढचं वाक्य बोलता आलं असतं. वाक्य तयार होतं, तोंडाशी होतं. पण जे बोललो त्यात खोटं काहीच नाही, असं त्याच्या लक्षात आलं, आणि तो तिथंच थांबला.

"भिंत गार आहे का?" आपानं विचारलं.

"गार नाही. आवाज घुमतो."

"रिकाम्या खोलीत घुमणारच," आपा म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा ओला वाटला. जुमातायनं त्याचा दोष फोनच्या लाइनला दिला.

त्याच आठवड्यात तोलेगेनचा फोन आला. "शाबास," तो म्हणाला. तोलेगेन फोनवर एवढंच बोलून ठेवून द्यायचा, पण आज थांबला. "आपा बघ, एका डोळ्यानं रडते, एका डोळ्यानं हसते. सगळ्या गावाला सांगून झालं. धाकट्यानं खोली सजवायला घेतली, माझं तुस्कीइझ मागितलं. आम्ही हिवाळ्याचा घोडा कापला की तिला घेऊन येतो. मांसही आणतो."

"कोके," जुमाताय म्हणाला. थोरल्या भावाला तो कोके म्हणे. "कोके, ते जरा..."

"बोलू नकोस. मीच बोलतो. इतके दिवस तुझ्याबद्दल मनात वाईटसाईट आणलं. माफ कर मला."

फोन ठेवल्यावर जुमाताय सोफ्यावर बसला. बरोबर लाल फुलीवर. बागिलानं दारातून सगळं ऐकलं होतं.

"आता?"

"सांगतो ना मी."

"काय सांगतोस? खोली बदलून दे म्हणून?"

"रिसीव्हर परत करावा म्हटलं तर उघडलेला खोका दुकानदार घेत नाही."

"मग आई परत करणार?"

त्यानं दुसरा विचार मांडला. हे सगळं आपासाठीच घेतलं, असं म्हणायचं. तिच्या मालिका बघायला. तिचे कान आता जड झालेत, हे तर खरंच आहे.

"आपांना मालिका आवडतात, हे तुला कधी कळलं?"

"सगळ्यांच्या आयांना आवडतात."

"असं," बागिला म्हणाली. "मग मला सांगितलंस ते ठीक. त्यांना सांगताना माझ्याकडे बघू नकोस."

पहिला मोठा बर्फ पडायच्या आत तोलेगेन आपाला घेऊन आला. त्यानं एका खांद्यावर घोड्याची तंगडी, दुसऱ्यावर गुंडाळलेलं तुस्कीइझ आणि काखेत गाद्यांचा गठ्ठा असं सगळं वर आणलं. चार दिवसांच्या मुक्कामाला आलेली बाई एवढ्या गाद्या आणत नाही. तोलेगेननं तिकडच्या खोलीत डोकावलं.

"पलंग कुठाय?"

"सोफा उघडतो. त्याचाच होतो."

तोलेगेननं काळ्या डब्यांकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, सोफा उघडला तर दार कसं उघडायचं याकडे पाहिलं. "हो का," म्हणाला. चहाला थांबला नाही. वादळाचा इशारा होता म्हणे.

आपा मात्र खोलीच्या मधोमध उभी राहून चौफेर बघत होती. बागिला चहाचं बघायला म्हणून निघून गेली. जोडाजोडीला आलेला रादिक एका तारेचं टोक धरून उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला.

"हे काय रे सगळं?"

"तुझ्यासाठी, आपा." त्याला वाटलं होतं हे वाक्य जड जाईल. लोण्यासारखं आलं. "तुला नीट ऐकू यावं, म्हणून."

"माझ्यासाठी एवढं?" ती रिसीव्हरपाशी आली. "हा काय करतो?"

"हा रिसीव्हर. बाहेरून जे येईल ते घेतो, आणि या पाच जणांना ज्याला जेवढं हवं तेवढं वाटून देतो."

"म्हणजे सून," आपा म्हणाली. "आणि तो काळा, कोपऱ्यातला?"

"तो खर्ज देतो. तो फक्त घुमतो."

"तुझे वडील."

रादिक तारेकडे बघून हसला. आपानं मग दोन्ही तळवे समोर धरले आणि बाता दिली. नव्या वस्तूला द्यायचा आशीर्वाद, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं शब्द न गाळता. हे घेणाऱ्याचा हात मोठा होवो, या घरात गोड बोललं जावो. आणि तोंडावरून हात फिरवून तिनं झग्याच्या खिशातून मूठभर मिठाई आणि खडीसाखर काढून सगळ्यावर उधळली, शुभकार्यात उधळतात तशी. साखरेचे बारीक कण रिसीव्हरच्या वरच्या फटींतून आत गेले. जुमातायला ते ऐकू आले. उघडलेला खोका दुकानदार परत घेत नव्हता. बाता दिलेला आता देवही घेणार नव्हता.

"आपण मोजणी उरकू या का?" रादिक म्हणाला. त्याला तिथून निघायचं होतं.

माइक तिकाटण्यावर बसवला. कानाच्या उंचीवर ठेवायचा होता. पण कुणाच्या कानाच्या? जुमातायनं एकदा सोफ्याकडे पाहिलं. सगळं आपासाठी, असं म्हणून झालं होतं. तेव्हा कान आपाचाच.

"आपा, तू मुख्य जागी बस," तो म्हणाला.

आपा गेली आणि बसली. दारापासून सर्वांत लांब, टोकाच्या भिंतीला पाठ लावून, टीव्हीच्या बरोबर खाली, पाय मुडपून, दाराकडे तोंड करून. जगातली कुठलीही कझाख बाई बसली असती तिथंच. त्या जागेला तोर म्हणतात. घरातलं मोठं माणूस तिथं बसतं, मग ते घर तंबूचं असो की सिमेंटचं. तिच्या उजव्या हाताला खर्जाचा डबा आला. तिनं त्यावर कोपर टेकलं.

बागिला चहाचं तबक घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"तिथं नाही, आपा," जुमाताय म्हणाला.

"मग कुठं?"

"मुख्य जागा इथं आहे."

"इथं म्हणजे?"

"इथं. सोफ्यावर." पुढचा शब्द त्याला टाळायचा होता, पण खोलीत दुसरी खूणच नव्हती. "दाराशी."

दाराशी म्हणजे उंबऱ्याकडेला. तिथं नवी सून बसते, किंवा ज्याला लवकर निघायचंय तो. शरद ऋतूभर तो हा नकाशा पाहत होता. त्यात दार म्हणजे दीड चौरस मीटरचा, आवाज परत फेकणारा पृष्ठभाग होता. तोर म्हणजे टीव्ही लावायची भिंत होती. वरून काढलेल्या नकाशात दोन्ही नुसत्या रेषा दिसतात.

रादिक छताकडे पाहू लागला. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," आपा म्हणाली. हात टेकून उठली, खोली ओलांडली आणि दाराशी येऊन बसली. "घर तुझं. तू म्हणशील तिथं."

जुमातायनं माइक तिच्या कानाशी आणला आणि बटण दाबलं. पहिल्या स्पीकरमधून सूं करून आवाज चढत गेला, तसा दुसऱ्यातून. आपा दचकली आणि हलक्या आवाजात कलमा म्हणू लागली. मोजणी थांबली. पडद्यावर अक्षरं आली, खोलीत गोंगाट आहे, शांतता ठेवा.

"आपा, जरा गप्प बस ना," जुमाताय म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याला ते वाक्य ऐकू आलं.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. या वेळी आपानं डोक्यावरच्या रुमालाचा पदर ओढून तोंडावर घट्ट धरला. दाराशी, तोंडावर पदर, नजर खाली, जशी सासऱ्याच्या घरात पहिल्या दिवशी सून बसते तशी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, धाकट्या मुलाच्या घरी. पाचही स्पीकर एकामागून एक तिच्याशी बोलून घेत होते. मग पडद्यावर आलं, मोजणी पूर्ण, कुठलाही दोष आढळला नाही.

रादिक जिन्यावर बूट चढवताना म्हणाला, "आपलं ओमचं गणित मात्र बरोबर होतं हं." आणि न हसता खाली गेला.

संध्याकाळी मालिका लावली. आवाज असा आला की जुमातायच्या अंगावर काटा आला. पाऊल मागे वाजलं की मागेच वाजलं. तो मात्र लाकडी स्टुलावर, बाजूला बसला होता. आपा सोफ्यावर होती. दार उघडलं की जिन्यातला गार वारा तिच्या पायांवर यायचा आणि दाराची कड सोफ्याच्या हातावर आपटायची. दर वेळी ती थोडी सरकायची आणि दर वेळी म्हणायची, "या, या."

"कसा वाटला, आपा?"

"छान. माणूस अगदी कानाशी येऊन बोलतो. काय बोलतो ते कळत नाही, पण जवळून बोलतो." मालिका रशियन होती. आपाला रशियन बाजारापुरतं येत असे.

सकाळी तो उठला तेव्हा आपा कोट घालून सोफ्यावर बसलेली. गाद्या पुन्हा बांधलेल्या. तुस्कीइझ सोडलंच नव्हतं.

"तोलेगेनला फोन लाव," ती म्हणाली. "माझी इथं गर्दी होते. खोलीत आधीच पाच जण राहतात, आणि तो एक कोपऱ्यातला."

"आपा, ते दाराशी बसवलं म्हणून तू... ते आवाजाचं असतं. त्या जागी सगळे आवाज एकदम..."

"दाराचं काय घेऊन बसलास. तुझ्या आजीच्या घरात मी कैक वर्षं दाराशीच बसले. आई कुठंही बसते, शिंगरा."

"मग काय?"

"माझ्यासाठी घेतलं, असं तू म्हणालास."

बागिला पलीकडे ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं नळ बंद केला आणि ती दारात आली.

जुमातायला तीन बाजू आठवल्या, पण एकीतूनही काही नीटसं दिसेना. "तुझ्यासाठी नव्हतं," तो म्हणाला. "माझ्यासाठी होतं. तुस्कीइझही आवाज घुमतो म्हणून हवं होतं."

"आणि मला कुठं निजवणार होतास?"

"ठरवलं नव्हतं."

आपा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. बाजारात मेंढरू घेताना पाहतात, तसं. दात, खूर, सगळं.

"मी सगळं काढतो," तो घाईनं म्हणाला. "आजच. रादिकला देऊन टाकतो."

"बाता दिलेली वस्तू देऊन टाकतात? माझे शब्द त्याच्या घरी जाऊन काय करतील?" ती उठली, कोट काढला आणि बागिलाच्या हातात दिला. मग गाद्यांचा गठ्ठा ओढत टोकाच्या भिंतीपाशी गेली आणि टीव्हीखाली, दोन स्पीकरांच्या मध्ये, अंथरूण घालू लागली.

"आपा, तिथं कशाला, तिथं सगळं..."

"असू दे. मी कुणाच्या आड येत नाही. माझ्या वयाच्या माणसाला म्हणतात, तोरापेक्षा थडगं जवळ. तेव्हा इथून उठवू नका. पुढची जागा थडग्याचीच." तिनं गादी थापटली. "आणि ते तुस्कीइझ तुला पाहिजे तिथंच लाव, तुझ्या मागच्या भिंतीवर. मला इथून दिसेल."

त्यानं लावलं. आवाज घुमायचा साफ थांबला.

आपा राहिली. भावकीत सगळ्यांना कळलं की कामाश धाकट्याकडे राहते, तोरावर बसते, आणि लेकानं तिच्यासाठी मोठं यंत्र घेतलंय. चहाला आलेली माणसं जाताना सांगतात, लेक असावा तर असा. तोलेगेन फोनवर पुन्हा एकाच शब्दावर आला आहे. तो शब्द आता "शाबास" नसतो, "आपाला दे" असा असतो. ते शब्द दोन आहेत हे त्याला कुणी सांगत नाही.

रोज संध्याकाळी सिनेमा लागतो. बागिला स्टुलावर बसते. सोफ्यावर ती बसत नाही, म्हणते तिथं वारा लागतो. तेव्हा मुख्य श्रोत्याच्या जागेवर, दाराशी, जुमाताय बसतो. समोर, पडद्याच्या खाली, पडद्याकडे पाठ करून आपा बसलेली असते. तोरावरचं माणूस मंडळींकडे तोंड करून बसतं, भिंतीकडे नव्हे. मधला स्पीकर बरोबर तिच्या डोक्यावर येतो, आणि पडद्यावर कुणीही बोलो, डाकू, डॉक्टर, प्रेयसी किंवा घोड्यांचा व्यापारी, आपाच बोलते आहे असं वाटतं. चहाची वाटी ती खर्जाच्या डब्यावर ठेवते. तोफ उडाली की वाटी किणकिणते आणि ती तिच्यावर हात ठेवते.

"कोण मेलं रे?" मध्येच ती विचारते.

"एक माणूस, आपा."

"वाईट होता?"

"तसा नव्हता."

"हं," म्हणून ती पुन्हा समोर बघू लागते.

रिसीव्हर तापला की जळक्या साखरेचा वास येतो. पाचही आवाज आपापल्या ठिकाणाहून निघून, रादिक म्हणाला होता तसे, बरोबर एकाच वेळी जुमातायच्या कानांशी येऊन पोचतात, जरा इकडे नाही की तिकडे नाही. आणि आपा सिनेमा संपेपर्यंत समोर पाहत असते. त्याच्याकडे, की त्याच्या डोक्यावरच्या आपल्या भरतकामाकडे, हे एवढ्या अंतरावरून कळत नाही. विचारायचं तर आवाज बंद करावा लागेल.